पहिलं मीठ

पौष लागला की पनवेलचा वारा फिरतो. दिवाळीपासून खाडीवरून येणारा, चिखलाचा आणि तिवरांचा वास घेऊन येणारा ओलसर वारा एके सकाळी गप्प होतो आणि उत्तरेकडून कोरडा, खरखरीत वारा सुटतो. ओठ फुटतात. खडू धरला की बोटं चरचरतात. माझ्या वर्गातल्या मुली दप्तरात कोकमाच्या तेलाचा गोळा लपवून आणतात आणि मी फळ्याकडे वळले की ओठांना लावतात. मला ते कळतं, पण मी बोलत नाही. शाळेला निघताना मीही तेच करून आलेली असते.

लोक म्हणतात, थंडी पडली. मी म्हणते, मिठाचा वारा सुटला. शाळेच्या मागच्या गच्चीवर गेलं की खाडीच्या अंगाला मिठागरं दिसतात. अजून तिथे काही नसतं, नुसतं चकाकणारं पाणी आणि त्यात आखून ठेवल्यासारखे बांध. संक्रांत उलटली की बांधांवर पांढरे ठिपके उमटतात आणि फाल्गुनापर्यंत त्यांच्या राशी होतात. आता पनवेलला आगगाडी आली, पळस्प्याच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागते, गावातली मुलं मुंबईला नोकरीला जातात. मीठ मात्र अजून तसंच होतं, ऊन, वारा आणि माणसाचे पाय यांच्यावर.

शाळेत माझ्या मिठागरातल्या जन्माची थोडी थट्टा चालते. डब्याच्या सुट्टीत कुणाच्या आमटीत मीठ कमी पडलं की सगळ्या बाई माझ्याकडे बघतात. मी रागावत नाही. उलट मला बरं वाटतं, कारण त्या थट्टेत कीव नसते. कीव मला सोसत नाही. दोन वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. पोस्टात होते. छातीत कळ आली, आणि शेजारी टांगा बोलावून आणेपर्यंत सगळं संपलं होतं. तेव्हापासून गल्लीत एक विशिष्ट आवाज माझ्यासाठी राखून ठेवलेला आहे. हळू, ओला, शेवटी किंचित लांबवलेला. तो आवाज कानावर आला की मी मुद्दाम मोठ्याने विचारते, काय भाजी केली आज?

यंदा संक्रांतीला शेजारच्या सुमतीबाईंनी हळदीकुंकू केलं. सगळी गल्ली लोटली होती. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या, वाटीत तिळगूळ आणि चेहऱ्यावर संकोच घेऊन. म्हणाल्या, तुम्हाला बोलवावंसं फार वाटत होतं, पण सासूबाई आहेत घरात. बाई स्वभावाने चांगल्या आहेत. मी तिळगूळ घेतला, एक वडी त्यांच्यासमोरच तोंडात टाकली आणि म्हटलं, गूळ छान उतरलाय. त्या सुटल्यासारख्या हसल्या. त्या गेल्यावर मात्र मी बराच वेळ ती वाटी मांडीवर घेऊन बसले होते. वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात आमची मामलेदारीण आली. मामलेदारीण म्हणजे पिवळी मांजर. यजमान गेले त्याच महिन्यात ती कौलांवरून घरात उतरली आणि तपासणीला आल्यासारखी दोन्ही खोल्या हिंडून, चुलीजवळची जागा पसंत करून बसली. तिने माझं सांत्वन वगैरे काही केलं नाही. पण रोज संध्याकाळी साडेपाचला ती उंबऱ्यावर असते, आणि साडेपाचला कुणीतरी आपली वाट बघत असलं की माणूस पावणेसहाला घरी पोचत नाही, साडेपाचलाच पोचतो. पहिल्या सहा महिन्यांत मी दोन वेळचं शिजवलं ते तिच्यासाठी. तिला दूधभात लागतो, आणि नुसता एका मांजरापुरता भात लावता येत नाही. असं करत करत मी जेवू लागले. त्या दिवशी ती सरळ मांडीवर चढली, वाटीत तोंड घालून तिळगूळ हुंगला, तुच्छतेने शिंकली आणि वाटी बाजूला सारून त्या जागी बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखालचं ते धडधडणारं ऊबदार जनावर, बाहेर तो कोरडा वारा, आणि मला सुभेदार आठवला.

जनावरांना सरकारी हुद्दे द्यायची आमच्या घरची चाल बाबांची. आमचा कुत्रा सुभेदार. काळा, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा आणि एक पडलेला. मिठागराच्या बांधावरून तो शेपूट वर करून अशा रुबाबात चालायचा की बाबा त्याला कपाळाला हात लावून सलाम करायचे. पिल्लू असताना तो कोंडीत उतरायचा. कोंडी म्हणजे मिठाचा वाफा, चौकोनी आणि उथळ. तिचा तळ पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा गुळगुळीत केलेला असतो. त्यात पंजाचा एक ठसा उमटला तरी खालचा चिखल वर येतो आणि मीठ काळं पडतं. म्हणून मिठागरात कुत्री टिकत नाहीत, लोक दगड मारून हाकलतात. बाबांनी सुभेदारला कधी मारलं नाही. तो कोंडीत उतरला की बाबा त्याला उचलायचे, चारी पंजे धुवायचे, बांधावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बांध." पुन्हा उतरला, पुन्हा धुवायचे, पुन्हा "बांध." महिनाभर हे चाललं. आई म्हणायची, पोरीचे पाय एवढ्या वेळा धुतले नाय कदी. त्यानंतर मात्र सुभेदारने बांध सोडला नाही. कोंडीत बगळा येऊन उभा राहिला तरी हा बांधावरून भुंकायचा, पाऊल खाली टाकायचा नाही.

स्वातंत्र्य मिळून एक-दोन वर्षं झाली असतील. मी अकरा वर्षांची होते. आश्विनात बाबांना ताप आला आणि नवव्या दिवशी ते गेले. आई तेव्हा जेमतेम माझ्या आजच्या वयाची असेल. हे मला परवा आरशासमोर उभी असताना सुचलं आणि मी वेणी घालायची थांबले. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर ती मोठी बाईच होती. चांगुणा तिचं नाव. उंच, हाडापेराने मोठी, बोलणं थोडकं.

दिवाळी झाली आणि मिठागराचे मुकादम हसनमियाँ आमच्या झोपडीशी आले. पनवेलचे राहणारे, पांढरी दाढी, सायकल नेहमी हातात धरून चालायचे, कारण बांधावर ती चालवता येत नसे आणि पनवेलात ठेवून यावी तर चोरीची भीती. बाबांचं नाव धर्मा, आणि त्यांच्याबरोबर हसनमियाँचं चांगलं होतं. ते खाली बघत म्हणाले की आमच्या सहा कोंड्यांसाठी दोन घरं मालकाकडे जाऊन आली आहेत. मालकाला त्यांनी एवढंच कबूल करवलं होतं की पहिल्या मिठापर्यंत थांबायचं. पहिलं मीठ स्वच्छ आलं आणि वेळेवर निघालं, तर हंगाम आमचा. नाहीतर कोंड्या दुसऱ्या घराला जाणार. "धर्माची इज्जत म्हणून इतकं तरी करता आलं, बाय," ते म्हणाले. आई म्हणाली, बरं.

कोंड्या गेल्या तर काय, हेही ठरून गेलेलं होतं. मोठ्या माणसांनी दहाव्याच्या दिवशीच ठरवलं होतं, मी झोपले आहे असं समजून. आई चिरनेरला मामाकडे जाणार आणि मी गोमाकाकांकडे राहणार. गोमाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, शेजारच्या गावात राहायचे. दोघींना मिळून ठेवणं कुणालाच जमण्यासारखं नव्हतं. शाळेचा विषय कुणी काढला नाही. सुभेदारचाही कुणी काढला नाही. मी पांघरुणात हिशेब केला की आई तिकडे, मी इकडे आणि सुभेदार कुठेच नाही.

कार्तिकापासून आई आणि मी कोंड्या तुडवायला लागलो. त्या कामाला दुसरं अवजार नाही. ओलसर चिखलावर उभं राहायचं, टाच दाबायची, मग चवडा, मग अर्धं पाऊल पुढे. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. वाळलं की पाणी शिंपडून पुन्हा. इतर कोंड्यांत चार-पाच माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून तुडवतात, गाणी म्हणतात. आमच्यात दोघी. आईचा हात माझ्या खांद्यावर आणि माझा तिच्या कमरेला. गाणं नाही. आणि बांधावरून आमच्या बरोबरीने सुभेदार. आम्ही पुढे गेलो की तो पुढे, आम्ही वळलो की तो वळणार. मला चक्कर आल्यासारखं व्हायचं तेव्हा मी मान खाली न घालता त्याच्या त्या उभ्या कानाकडे बघत चालायची. पायांना भेगा पडल्या, त्यात खार शिरायचा. संध्याकाळी आई उंडीचं तेल कोमट करून माझ्या पायांना लावायची, मग स्वतःच्या, आणि वाटीत उरलेलं बोट फिरवून सुभेदारच्या पंजांना.

आई रडली नाही याची गावात चर्चा होती. बायका म्हणायच्या, धर्माची बायको दगड झाली. मला माहीत होतं की ती सुभेदारशी बोलते. दुपारी मी गावात पाणी आणायला जायची आणि परत येताना तिचा आवाज दुरून ऐकू यायचा. ती त्याला सगळं सांगायची. मालकाने काय म्हटलं, कमरेत कशी कळ येते, धर्माने जाताना डोळे मिटले नव्हते ते तिने कसे मिटले. मी जवळ पोचले की ती गप्प व्हायची आणि सुभेदार शेपूट हलवायचा. त्या वेळी मला थोडा राग यायचा, की मी असताना कुत्र्याला का? आता मामलेदारणीशी बोलताना कळतं. माणसाला सांगितलं की त्याचा चेहरा बदलतो, आणि मग आपल्याला त्याचा चेहरा सांभाळावा लागतो. जनावर ऐकतं आणि जांभई देतं. त्या जांभईचा मोठा आधार असतो.

सुभेदारलाही दुःख होतंच. बाबा रोज भरतीच्या वेळी उघाडीवर जायचे. उघाडी म्हणजे बांधातला तो दरवाजा, ज्यातून खाडीचं पाणी आत घेतात. सुभेदार अजूनही वेळ झाली की एकटा तिथवर जायचा, दरवाजाच्या फळ्या हुंगायचा, थोडा वेळ बसायचा आणि परत यायचा. आल्यावर पाणी प्यायचा आणि कामाला लागायचा, म्हणजे आमच्याबरोबर चालायला. रोज दुःख करायचा आणि रोज परत यायचा. मला वाटतं, आईने ते त्याच्याकडून उचललं. मी आईकडून उचललं.

पुढे चार वर्षांनी तो म्हातारपणाने गेला. आईनेच खड्डा खणला, बांधाच्या बाहेरच्या अंगाला, तिवरांच्या सावलीत. मी त्या दिवशी शाळा बुडवली. त्यावर गुरुजींनी कारण विचारलं तेव्हा घरात मयत झाली असं सांगितलं. ते खोटं होतं असं मला आजही वाटत नाही.

मार्गशीर्षात आमच्या कोंड्यांत पाणी आलं. खाडीतून मोठ्या तळ्यात, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं उन्हाने दाट होत होत शेवटी कोंडीत. पौषात पाण्यावर साय धरावी तशी खपली धरली, मग ती तळाला बसली, मग त्यावर दुसरी. संक्रांतीनंतर एका सकाळी आईने हात घालून मूठभर वर काढलं. पांढरं स्वच्छ होतं. तळ एके ठिकाणीही फुटला नव्हता. तिने ते परत पाण्यात सोडलं, कारण ते काढणं तिच्या हातात नव्हतं.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी होती की हंगामाचं पहिलं मीठ घरातल्या पुरुषाने काढायचं. लांब दांड्याची लाकडी फळी घेऊन तो कोंडीत उतरतो, पहिली ओढ बांधावर आणतो, मग बाकीचे लागतात. पुरुष दुसऱ्या घरचा असला तर त्या हंगामापुरती कोंडी त्याच्या घराची झाली असं धरत. आणि नवरा गेलेल्या बाईने तर भरल्या कोंडीत पहिलं पाऊल टाकायचंच नाही. टाकलं तर वर्षभर मीठ काळं येतं म्हणत. तोच तळ तिने दोन महिने पायांनी तुडवला होता. तेव्हा तिचे पाय चालले होते. मीठ धरल्यावर ते पांढरे पाय झाले. यात काही विसंगत आहे असं कुणाला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आईलाही वाटत नव्हतं. ती रीत तिनेही लहानपणापासून पाळलेली होती.

घरातला पुरुष म्हणजे आता गोमाकाका. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या आठवड्याला कधी सात दिवस नसत, आठ-दहा असत. सासुरवाडी करंज्याला, तिथे बोटी लागल्या होत्या, सुकी मासळी भरायला मेहुण्यांना हात हवे होते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेले. दुसरा दिवस गेला, चौथा गेला, सहावा आला. आजूबाजूच्या कोंड्यांवर ढीग दिसायला लागले. आमच्यातलं मीठ तयार होऊन पाण्याखाली बसून होतं.

सहाव्या दिवशी सकाळी वारा पडला. वारा पडला की मिठागरातला माणूस हातातलं टाकून आभाळाकडे बघतो. आधी घामाने ते कळलं, मग नैर्ऋत्येला, समुद्राकडे, ढगांची काळी रेघ दिसली. माघाच्या तोंडावर असा पाऊस क्वचित येतो, पण आला की कोंडीतलं मीठ तासाभरात पाणी होतं. सगळ्या बांधांवर धावपळ उडाली. जो तो आपलं मीठ ओढत होता, ढिगांवर पेंढा टाकत होता. कुणी आमच्याकडे यायला मोकळं नव्हतं, आणि आलेलं चाललंही नसतं. शेजारच्या बांधावरच्या एका बाप्याने विचारलं, मी घालू का फळी? आई म्हणाली, नको भाऊ. त्याच्या मनात वावगं नसेलही, पण त्याने फळी घातली असती तर आम्ही गेलोच असतो.

शेजारच्या झोपडीतली भागीआजी तेवढी आमच्या बांधावर होती. तिला दिसायचं कमी आणि सुचायचं जास्त. ती म्हणाली, "चांगुणा, घरातला बाप्या तं हा काय बसलाय समोर." आईने इकडेतिकडे पाहिलं. आजीने काठी उचलून सुभेदारकडे दाखवलं. "धर्मानं पोसलाय. तुमच्या घरचं खातो. बाप्याच हाय ना?"

आज हे सांगताना हसू येतं. त्या वेळी कुणीही हसलं नाही. मला तर ते अगदी बरोबर वाटलं. सुभेदार घरचा होता, नर होता, त्याने पहिलं पाऊल टाकलं की रीत पुरी होणार होती. आईने क्षणभर विचार केला आणि झोपडीतून बाबांचा पंचा आणला. मी तो सुभेदारच्या गळ्यात बांधला. फळीच्या दांड्याला दोरी लावून ती त्याच्या कमरेला अडकवायची, तो पाच पावलं चालला की पहिली ओढ झाली, असं आजीने सुचवलं. आईने कोंडीच्या कडेला उभं राहून त्याला म्हटलं, "उतर, सुभेदार."

तो बसला.

मी त्याला ढकललं. त्याने चारी पाय बांधात रोवले. आईने झोपडीतून सुका बोंबील आणला, जो त्याचा जीव की प्राण, त्याला हुंगवला आणि कोंडीत हातभर अंतरावर टाकला. सुभेदारच्या तोंडाला लाळ सुटली. तो पुढे झाला, बांधाच्या अगदी कडेपर्यंत आला, मान लांबवली, कुईकुई केलं, आणि तिथेच पोटावर पडून आईकडे बघत राहिला. मी त्याच्या गळ्यातला पंचा धरून खेचला. तो माझ्यावर कधी गुरगुरला नव्हता. तेव्हा गुरगुरला. ढग अर्ध्या आभाळावर आले होते. मी रडायला लागले आणि त्याला गुडघ्याने मारलंसुद्धा. त्याची मला आज लाज वाटते.

"सोड त्याला," आई म्हणाली. मी सोडला. आई त्याच्यासमोर खाली बसली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला रडू फुटलं. तीन महिन्यांचं रडणं, मोठ्याने, तोंड उघडून, सगळ्या बांधांना ऐकू जाईल असं. सुभेदार तिचं तोंड चाटत होता. मग तिने पदराने डोळे पुसले आणि भागीआजीला म्हणाली, "धर्मानं याला सांगितलं, बांध सोडू नको. तो अजून पालतोय. मला धर्मानं कदी सांगितलं नव्हतं का कोंडीत उतरू नको म्हनून."

आजी काहीतरी बोलायला गेली. आई उठली होती. तिने लुगड्याचा काचा घट्ट केला, फळी उचलली आणि कोंडीत उतरली.

पाण्याखाली मिठाचा कर्रकर्र आवाज आला. तो आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. तिने फळी पुढे टाकली, दांड्यावर अंग टाकलं आणि ओढली. पहिली ओढ बांधाला लागली, पांढरी, जड, पाणी गळणारी. तिने मागे पाहिलं नाही. दुसरी ओढली, तिसरी ओढली. मी टोपली घेतली. भागीआजी थोडा वेळ काठी धरून उभी होती. मग ती काठी तिने बांधावर आडवी टाकली, खाली बसली आणि हातांनी मीठ सारून ढीग करायला लागली. आजूबाजूच्या बांधांवरची माणसं बघत होती हे मला कळत होतं. पण बघायला तरी वेळ कुणाला होता? सहाही कोंड्या झाल्या तेव्हा दुपार कलली होती. ढिगांवर पेंढा टाकला आणि थेंब सुरू झाले. आम्ही तिघी झोपडीच्या दारात बसलो. आईच्या हातांची सालं निघाली होती. सुभेदार तिच्या पायांवर पडून होता, गळ्यात अजून बाबांचा पंचा. पाऊस अर्धा तास पडला असेल. कोंड्यांत त्याला विरघळवायला काही उरलं नव्हतं.

मला कधीकधी वाटतं, माणसाला बळ येतं म्हणजे काय होतं? मी लहान होते तेव्हा वाटायचं, ते कुठून तरी येतं, देव देतो, थोर माणसं देतात. त्या दिवशी मी ते येताना डोळ्यांनी पाहिलं, आणि ते एका हट्टी कुत्र्याच्या नकारातून आलं. त्याने ऐकलं असतं तर त्या दिवसापुरतं भागलं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा कुणाची तरी वाट बघावी लागली असती. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एकच शब्द माहीत होता आणि तो शिकवणारं माणूस गेलं म्हणून तो शब्द सोडावा असं त्याला वाटलं नाही. प्रेम असंच असावं असं मला वाटतं, फार न समजता पाळलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा परत उत्तरेचा झाला, आणि त्याच वाऱ्यातून गोमाकाका आले. नवं धोतर, हातात नारळ, खांद्यावर करंज्याच्या सुक्या मासळीची पिशवी. बांधावरून येताना त्यांना वाटेत कुणीतरी सांगितलेलं असणार, कारण त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्यामागून हसनमियाँ सायकल धरून येत होते, आणि त्यांच्यामागे आणखी दहा-बारा माणसं. आई ढिगावरचा ओला पेंढा काढत होती. मी सुभेदारला कवटाळून बसले. आता काय होणार ते मला पाठ होतं. मामा येणार, काका नेणार.

काकांनी कोंड्यांकडे पाहिलं. त्यांत नवं पाणी सोडलेलं होतं. "पहिलं मीठ कोनी काढलं?" त्यांनी विचारलं.

आई सरळ उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मी काढलं, भावजी. नारल तेवढा फोडायचा राहिलाय."

हसनमियाँनी सायकल भागीआजीच्या झोपडीला टेकवली. ती त्यांनी हातातून सोडलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. ते ढिगापाशी आले, मधोमध हात खुपसला, आतलं मीठ काढून तळहातावर पसरलं, उन्हाकडे धरलं. खडा न् खडा पांढरा होता. त्यांनी तो हात काकांपुढे धरला, मग मागे उभ्या असलेल्या माणसांपुढे. काकांनी दगडावर नारळ फोडला. पहिली कवड, म्हणजे नारळाची अर्धी वाटी, पहिलं मीठ काढणाऱ्याच्या हातात द्यायची असते. काकांचा हात मध्येच थांबला, आणि मग त्यांनी ती आईसमोर धरली. आईने सालं निघालेल्या दोन्ही हातांनी ती घेतली.

हसनमियाँ हात झटकत उघाडीकडे वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. दर उधाणाआधी ते बाबांना जे विचारायचे तेच त्यांनी विचारलं, फक्त आता आईकडे बघून. "अमावास्येला भरती दुपारची हाय. तुमच्याकडं पानी किती घ्यायचं, चांगुणाबाय?"

आईने कोंड्यांवरून एकदा नजर फिरवली.

"दरवाजा उघडा," ती म्हणाली. "मी सांगन तवा बंद करा."